माजी सासूची फेरकबुली

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळं काढायलाही पैसे लागतात, हे मला आज कळलं. कोर्टाची फी, वकिलाची फी, शिवाय ‘पैसा जपून कसा वापरावा’ या विषयावरचा एक सक्तीचा अभ्यासक्रम आणि त्याची वेगळी फी. हा अभ्यासक्रम काँप्युटरवर करायचा असतो. त्याने मला विचारलं, तुम्ही महागडी कॉफी कमी करू शकाल का? मी पेट्रोलपंपावरची कॉफी पितो. तिच्यातून आणखी काही कमी केलं तर नुसतं गरम पाणी उरेल.

वकीलबाईंचं नाव कालिया लोर. वयाने माझ्या निम्म्या. त्यांचे वडील माझ्या बोलिंग अ‍ॅलीत दर गुरुवारी खेळायला यायचे, त्यामुळे माझी कागदपत्रं बघून त्यांना हसू आलं तरी त्यांनी ते दाबलं. ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्यांची नावं सांगा म्हणाल्या. मी सांगितली. दोन क्रेडिट कार्डं, गुडघ्याचं हॉस्पिटल, ट्रकचं कर्ज, बर्फ उडवायच्या यंत्राचे हप्ते.

“आणखी?”

“संपलं.”

“घरातलं कोणी? मित्र, मेहुणा? कोर्टापासून एकही नाव लपवता येत नाही हं, मिस्टर लाइत्स्के.”

मी छताकडे बघितलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. “आर्डिस हॉपर्ट,” मी म्हणालो.

“या कोण?”

“सासू.”

“पण तुमचा तर घटस्फोट झालाय.”

“मग माजी सासू.”

त्यांची टाइप करणारी बोटं थांबली. या बाईंनी शबॉयगन गावातले बरेच दिवाळखोर बघितले असतील, पण त्यांच्या यादीत माजी सासू बहुतेक पहिलीच.

गोष्ट साधी आहे. नऊ वर्षांपूर्वी अ‍ॅलीच्या लाकडी पट्ट्या बदलायच्या होत्या. बँकेने नाही म्हटलं. आर्डिसने नवऱ्याच्या माघारी त्याची बोट विकली होती, ते पैसे तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्यासमोर ठेवले. पुढे लॉरी, म्हणजे तिची मुलगी आणि माझी बायको, एका दातांच्या डॉक्टरबरोबर अ‍ॅरिझोनाला निघून गेली. वाटणीत घर लॉरीला मिळालं, कुत्रा लॉरीला मिळाला आणि लॉरीच्या आईचं कर्ज मला. नंतर अ‍ॅलीही बुडाली. आता मी नळांच्या कारखान्यात रात्रपाळी करतो आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आर्डिसकडे चेक घेऊन जातो.

पोस्टाने पाठवलेला चेक तिला चालत नाही. पोस्टावर विश्वास नाही म्हणे. जिचा नवरा जन्मभर पोस्टमन होता, तिचा! मग जावं लागतं. गेलं की जेवावं लागतं, कारण उपाशी माणसाच्या हातून ती चेक घेत नाही. जेवलं की क्रिबेज या पत्त्यांच्या खेळाचे दोन डाव, त्यात ती जिंकते. आणि मग व्याज. म्हणजे जिन्यातला दिवा बदल, पन्हळीतली पानं काढ, तळघरातली बरणी वर आण. खरा सावकारही माणसाला इतकं पिळत नसेल.

१६ ऑक्टोबर

आज कालियाबाईंनी एक नवीन शब्द शिकवला, फेरकबुली. दिवाळं काढलं की कर्जं पुसली जातात. पण एखादी वस्तू तारण असेल आणि ती ठेवायची असेल, तर तेवढं कर्ज आपण होऊन पुन्हा कबूल करायचं, सही करायची आणि ते पुन्हा मानगुटीवर घ्यायचं. अख्खं जेवण नाकारावं आणि लोणचं तेवढं वाढून घ्यावं, असा प्रकार.

“ट्रक ठेवा,” त्या म्हणाल्या. “कामावर जायला लागतो. पण हे बर्फाचं यंत्र द्या परत.”

“ठेवायचंय.”

“तुम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहता. तुम्हाला अंगण नाही.”

“हिवाळा तोंडावर आलाय,” मी म्हणालो.

“त्याची सही केलीत तर हप्ते चुकवता येणार नाहीत. नीट विचार करा.”

मी विचार केला आणि सही केली. विस्कॉन्सिनमध्ये माणसाजवळ बर्फ उडवायचं यंत्र असावं. यात समजावून सांगण्यासारखं काय आहे, मला कळत नाही.

२४ ऑक्टोबर

सकाळी फोन. मी नुकताच झोपलो होतो.

“कर्ट, मला संघराज्याच्या कोर्टाकडून पत्र आलंय. तू माझ्यावर खटला भरलास?”

“नाही हो. मी दिवाळं काढलंय.”

“ते सगळ्या गावाला माहीत आहे. यात माझं नाव कशाला? मी धनको म्हणे. हा काय शब्द आहे?”

“तुम्ही मला पैसे दिलेत ना, म्हणून.”

“ते मी तुला दिले. कोर्टाला कोणी सांगितलं?” मग बराच वेळ कागद सळसळला. “यात लिहिलंय, धनकोंची सभा चौदा नोव्हेंबरला मिलवॉकीला. धनकोंनी यावं.”

“यावं नाही, येऊ शकतात.”

“बोलावणं आलंय आणि जायचं नाही? मी अशी वाढलेली नाही. हायवेवर मला गाडी चालवता येत नाही, तू येशील न्यायला.”

म्हणजे ऋणकोने धनकोला गाडीत घालून धनकोंच्या सभेला न्यायचं. पेट्रोल ऋणकोचं.

२ नोव्हेंबर, पहिला रविवार

कालियाबाईंनी बजावलंय की कोर्टाचं काम संपेपर्यंत आर्डिसला एक डॉलरही द्यायचा नाही. एका धनकोला झुकतं माप दिलं असं दिसतं. हे तोंडावर सांगायला गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण अशा गोष्टी फोनवर सांगणं बरं नाही.

दारात उभा राहून खाकरलो. घटस्फोटापासून तिला हाक काय मारायची हे माझं ठरलेलं नाही. पूर्वी ‘मा’ म्हणायचो. आता तो हक्क राहिला नाही. आर्डिस म्हणणं आगाऊपणाचं, मिसेस हॉपर्ट म्हटलं तर बँकेतून आल्यासारखं वाटतं. म्हणून मी खाकरतो.

“आज चेक नाही,” मी म्हणालो. “आणि पुढे कोर्ट कर्ज पुसून टाकेल.”

“सगळं?”

“सगळं.”

ती हातातल्या फडक्याकडे बघत राहिली. “भाजलेलं बीफ केलंय. गाजरं घातलीत. ते तर कोर्टाने पुसलेलं नाही ना?”

जेवलो. क्रिबेजमध्ये तिने मला धुतलं. मग थंडी अडवायच्या जादा खिडक्या बसवायला लावल्या. कर्ज पुसलं जाणार तरी व्याज चालूच. निघताना म्हणाली, “मग पुढच्या महिन्यात?” मी म्हटलं, बघू. खरंच, कशासाठी जायचं, हे मला तेव्हा सुचेना.

१४ नोव्हेंबर

सभा झाली. आणि एक गोष्ट मी आज फार हुशारीने निभावली, ती लिहून ठेवतो.

आर्डिस चर्चचा कोट घालून, मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन ट्रकमध्ये बसली. डब्यात लिंबाच्या वड्या. कोर्टाच्या इमारतीत शिपायाने डबा यंत्रातून फिरवला, तेव्हा त्याला एक द्यावी लागली. आत टेबलामागे विश्वस्त बसले होते. कोर्टाने नेमलेला माणूस, टायवर बदकं. त्यांनी पुटपुटत विचारलं, “कोणी धनको हजर?” आणि उत्तराची वाट न बघता पान उलटलं.

“मी आहे,” आर्डिसने हात वर केला. “सभा कुठे आहे?”

“हीच सभा, बाई.”

“बाकीचे धनको?”

“कोणी येत नाही.”

“बोलावणं पाठवूनसुद्धा?” तिला बँकांची लाज वाटली.

आता हुशारीचं. कालियाबाईंनी आधीच समजावलं होतं की गेल्या वर्षभरात नातेवाइकाला पैसे दिले असतील तर विश्वस्त ते नातेवाइकाकडून परत मागू शकतात, बाकीच्यांत वाटायला. मात्र घटस्फोट झाला की कायद्याने सासू नात्यात बसत नाही. तेव्हा विचारलं तर खरं ते सांगा, ते आपल्या फायद्याचं आहे.

विचारलंच. “या बाईंना तुम्ही वर्षभर दर महिन्याला पैसे दिलेत. या तुमच्या नात्यातल्या?”

“नाही,” मी शपथेवर होतो, मोठ्याने बोललो.

“कुठल्याच नात्याने?”

“कुठल्याच नाही. या माझ्या कोणी लागत नाहीत.”

विश्वस्तांनी मान हलवली, पान उलटलं. एका वाक्यात मी म्हातारीचे अठराशे डॉलर वाचवले! वळून तिच्याकडे बघितलं, कौतुक नाही तर निदान मान हलवेल म्हणून. ती कोटाची बटणं लावत होती.

घरी येईपर्यंत एक शब्द नाही. मी मुद्दाम वेगाने गाडी चालवली, तरी ओरडली नाही. दमली असेल, या वयात मिलवॉकी झेपत नाही. मी डब्यातली एक वडी मागितली तर म्हणाली, “त्या घरच्या माणसांसाठी आहेत.”

आता तिच्या घरी तिच्याशिवाय आहे कोण?

१९ नोव्हेंबर

तीनदा फोन केला. उचलत नाही. चौथ्यांदा उचलला आणि ठेवला.

संध्याकाळी अ‍ॅरिझोनाहून लॉरीचा फोन. वर्षभरात पहिल्यांदा.

“आईला काय केलंस तू?”

“मी? मी तिचे पैसे वाचवले. तू कधी बोललीस तिच्याशी?”

“आज. तिनेच केला होता.”

“त्याआधी?”

“ऑगस्टमध्ये केला होता मी. विषय बदलू नकोस. ती विचारत होती, दिवाळं काढलेला माणूस गाव सोडून जातो का. काय चाललंय तुमचं?”

मी म्हटलं, काही नाही, हवा थंड आहे. तिच्याकडे गरम होती. संभाषण संपलं.

म्हातारी पैशासाठी हळवी झालीय, दुसरं काय. बोटीचे पैसे बुडाले, लागणारच मनाला. पण मला वाईट वाटतं ते निराळ्या गोष्टीचं. फोन ठेवला तो आपटून नाही, हळूच ठेवला. आपटला असता तर मला बरं वाटलं असतं.

२६ नोव्हेंबर

पोस्टाने जाड पाकीट आलं. पोस्टाने! आर्डिसने पोस्टावर विश्वास टाकला म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

आत फेरकबुलीचा छापील करारनामा. ग्रंथालयात जाऊन तिथल्या पोरीकडून काढून घेतला असणार. सगळे रकाने तिने शाळेतल्या वळणदार अक्षरात भरलेत. उरलेली पूर्ण रक्कम. व्याज, शून्य. तारण काय, याच्यासमोर ‘नाही’. आणि परतफेडीच्या अटींमध्ये लिहिलंय: ‘दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, स्वतः येऊन. टपालाने चालणार नाही. आजारी असल्यास दुसऱ्या रविवारी.’

खाली तिची सही. माझ्यासाठी जागा कोरी, शेजारी पेन्सिलीने फुली, कुठे सही करायची ते मला कळावं म्हणून.

केवढा हा लोभ! ज्या बँकांकडे अख्ख्या इमारती आहेत त्यांनी निमूट माझं नाव पुसलं, आणि ही एकटी हटून बसलीय. रागाने पाकीट फ्रिजवर ठेवलं. मग तिथून काढलं, डाग पडेल म्हणून.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

सगळे घरच्यांबरोबर जेवतात तो दिवस. दुपारी बारमध्ये टर्कीचं सँडविच. बरोबर लोणचं दिलं होतं.

३ डिसेंबर

कालियाबाईंनी करारनामा दोनदा वाचला. परतफेडीची अट तिसऱ्यांदा वाचली आणि चष्मा काढला.

“यावर मी सही करू शकत नाही. हे कर्ज तुम्हाला झेपेल असं मला लिहून द्यावं लागतं, आणि ते खोटं होईल. काहीही तारण नसलेलं कर्ज कोणी परत मानगुटीवर घेतं का?”

“मग?”

“मग काही नाही. फेकून द्या. जानेवारीत सगळं पुसलं जाईल, तुम्ही मोकळे. नंतर तुम्हाला वाटलं तर त्यांना हवे तेवढे पैसे द्या, कायदा अडवत नाही. सही कशाला हवी?”

हे मला एकदम पटलं. मी मोकळा. पहिल्या रविवारी मी वाटेल ते करेन. मासे धरायला जाईन. उशिरापर्यंत झोपेन. जिन्यातले दिवे ज्याचे त्याने बदलावेत.

“मी माझ्या आजीला रविवारी भेटायला जाते,” कालियाबाई उगाचच म्हणाल्या. “मी तिचं काही देणं लागत नाही.”

मी म्हटलं, छान.

७ डिसेंबर, पहिला रविवार

गेलो नाही. ठरवलंच होतं.

रात्री बर्फ झाला. ज्या यंत्राचे हप्ते मी भरतो ते चालतं की नाही हे बघायला हवं होतं, आणि मला अंगण नाही. म्हणून ट्रकमध्ये घालून सहज निघालो आणि जाता जाता आर्डिसच्या गल्लीत आलो. तिचं अंगण बर्फाने भरलेलं, तेव्हा यंत्र तिथेच तपासलं. उत्तम चालतं. मग गाडीवाटही तपासली, आणि टपालपेटीपर्यंतचा रस्ता.

ती बाहेर आली नाही. पडदा हलला, बस. मी यंत्र चढवत होतो तेव्हा व्हरांड्यातला दिवा लागला. भर दुपारी. मी पाच मिनिटं थांबलो, दिवा विझला नाही, दारही उघडलं नाही. घरी येऊन डबाबंद सूप गरम केलं आणि उभ्यानेच प्यालो. मोकळ्या रविवारची मला सवय व्हायला वेळ लागेल, असं दिसतं.

११ डिसेंबर

सही केली. पेन्सिलीची फुली होती तिथेच.

कालियाबाई म्हणाल्या, वकिलाची सही नसेल तर न्यायाधीशांपुढे उभं राहावं लागेल, ते विचारतील की हे कर्ज तुम्हाला का हवंय. उत्तर तयार ठेवा. मी म्हटलं, तयार आहे. माणसाने दिलेला शब्द पाळावा.

“एवढंच?” त्यांनी विचारलं.

एवढं पुरे नाही का?

८ जानेवारी

आज जे झालं ते मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. तरी लिहितो.

सुनावणीचं पत्र आर्डिसलाही गेलं होतं, म्हणून तिला घ्यायला गेलो. कोट तोच, डबा नव्हता. हायवेला लागल्यावर म्हणाली, “हीटर कमी कर.” कमी केला. मग बराच रस्ता गेल्यावर, खिडकीकडे बघत, “कोणी लागत नाही म्हणालास. शपथेवर.”

“तुमचे अठराशे डॉलर वाचवले मी!”

“मी म्हटलं होतं वाचव म्हणून?”

मी हीटर पुन्हा वाढवला. तिने तो पुन्हा कमी केला.

न्यायाधीशांना सर्दी झालेली. ते वारंवार नाक पुसत माझे आकडे बघत होते. “मिस्टर लाइत्स्के, सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात महिन्याला बावीस डॉलर उरतात. यांना दीडशे कुठून देणार?”

“आत्तापर्यंत देत आलोय.”

“ते दिसतंय. कुठून देत होतात?”

शपथ घेतलेली. माझ्या शपथा हल्ली मला फार नडतात. “क्रेडिट कार्डावरून काढून,” मी म्हणालो.

मागे बाक करकरला. आर्डिस उभी राहिली होती. “उसने काढून? माझ्यासाठी उसने काढत होतास?”

“बाई, आपली पाळी येईल. बसा,” न्यायाधीश म्हणाले.

“मला नको होते ते पैसे! मला काय करायचेत? माझं पेन्शन मला उरतं. गाढवा, तू तसाच यायचं होतंस!”

“मा, बसा ना,” मी म्हणालो. ते माझ्या तोंडून आपोआप गेलं. ती बसली.

न्यायाधीशांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. “हे मला जरा समजू दे. यांना पैसे नकोत. तुमच्याजवळ पैसे नाहीत. मग हे कर्ज हवंय कोणाला?”

मी शब्द पाळण्याबद्दलचं वाक्य म्हणून टाकलं.

“उत्तम विचार आहे. त्याला माझी मंजुरी लागत नाही. तुम्ही स्वेच्छेने यांना हवं ते द्या, आयुष्यभर द्या.”

“मला स्वेच्छेचं नको,” आर्डिस बसल्या जागेवरून म्हणाली. या वेळी तिचा आवाज लहान होता. “माझी मुलगी स्वेच्छेने फोन करते, साहेब. ऑगस्टमध्ये केला होता.”

कोर्टातली टाइप करणारी बाईसुद्धा थांबली. आणि मला एकदम सगळं समजलं, खिडक्या, बरण्या, जिन्यातले दिवे, सगळं. या बाईने मला नऊ वर्षं एका चेकच्या दोरीने बांधून ठेवलं होतं. आणि मी? मीही तो चेक कार्डावरून काढून, व्याज भरून नेत होतो. पोस्टाने पाठवता येत नाही म्हणून कुरकुरत होतो, पण एका रविवारीही आजारी पडलो नव्हतो.

“साहेब,” मी म्हणालो, “हे कर्ज पुसलं गेलं तर मला त्यांच्याकडे जायला काही कारण उरत नाही. बायको गेली तेव्हा तिच्याबरोबरचं सगळंच गेलं. हे एवढं राहिलंय. म्हणून ते मला हवंय.”

न्यायाधीशांनी पेन उचललं. मग त्यांनी लिहायला घेतलं. “हा करार तुमच्या हिताचा आहे असं मला म्हणता येत नाही. नामंजूर. बाकी जे काही आहे, ते या कोर्टाच्या कक्षेत येत नाही.” आणि पुन्हा नाक पुसलं.

परत येताना हीटरला कोणी हात लावला नाही. घराशी उतरताना आर्डिस म्हणाली, “तू आता मोकळा झालास, कर्ट.” मी म्हटलं, हो. ती आत गेली आणि तिने मागे बघितलं नाही. मला तिची फार दया आली आणि स्वतःचीही आली.

१८ जानेवारी

आमचे फुटबॉलवाले पॅकर्स जिंकत आलेली मॅच हरले. याविषयी काही लिहायचं नाही.

२७ जानेवारी

कर्जमुक्तीचा हुकूम आला. एका पानाचा. आता मी कोणाचं काही लागत नाही. ट्रक आणि बर्फाचं यंत्र सोडून.

कारखान्यातल्यांनी पाठ थोपटली. मी पाकीट पुन्हा पुन्हा उघडून हुकूम वाचला. इतका आनंदाचा कागद आणि त्याने माणूस इतका उदास कसा होतो?

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून तीन वेळा बूट घातले आणि काढले.

आधी वाटलं, वीस डॉलरचा चेक न्यावा, स्वेच्छेचा. लिहिलाही. मग वाटलं, चेक नेला की पुन्हा तेच. हप्ता देणारा आला, हप्ता घेणारीने दार उघडलं. तो फाडला. मग वाटलं, यंत्र न्यावं, पण बर्फ नव्हता पडलेला. फुलं न्यावीत तर कोणी मेलंय असं समजायची. शेवटी काहीच न घेता निघालो. पन्नाशी उलटून गेलेला माणूस रिकाम्या हातांनी कोणाच्या दारात उभा राहिला की त्या हातांचं काय करायचं हेही त्याला समजत नाही. मी ते खिशात घातले.

घंटा वाजवली. दार उघडायला तिला वेळ लागला. अंगावर घरातला जुना स्वेटर, केस न विंचरलेले. ती वाट बघत नव्हती हे मला दिसलं, आणि ते मला आवडलं नाही.

“चेक?” सवयीने तिचा हात पुढे आला.

“नाही.”

“कोर्टाचं काही राहिलंय?”

“नाही. संपलं सगळं.”

“मग काय काम होतं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “असाच आलो.”

थंडी आत चालली होती आणि एरवी ती याच्यावर दहा वाक्यं बोलली असती. मग तिने पुढे केलेला हात मागे घेतला, दाराची कडी घट्ट धरली आणि म्हणाली, “भाजलेलं काही नाही आज. मला काय माहीत तू येशील. अंडी आहेत.”

अंडी खाल्ली. ब्रेड कालचा होता. क्रिबेजचे दोन डाव झाले, मग आणखी दोन, आणि एकही दिवा बदलायला तिने सांगितला नाही. शेवटी मीच जिन्यात जाऊन बघून आलो, सगळे लागत होते. ती हसली आणि म्हणाली, तुला हल्ली काम दिलं नाही तर करमत नाही वाटतं.

निघताना कोट चढवला. पूर्वी या वेळी ‘पुढच्या महिन्यात’ व्हायचं. ती दाराशी आली, माझी कॉलर नीट केली, असं तिने आधी कधी केलं नव्हतं.

“बुधवारी बार्लीचं सूप करणार आहे,” ती म्हणाली. “कामावर जायच्या आधी ये.”

“बुधवारी? बुधवारी कशासाठी?”

“कशासाठी म्हणजे? आता कारण लागतं का तुला?”

“नाही,” मी म्हणालो.